घास वाळला की नाही, हे कोण सांगणार

आमचे बाबा मूठभर घास हातात घेऊन डोळे मिटायचे, तेव्हा अख्खं घर श्वास रोखून उभं राहायचं. मला त्या सोहळ्याची चीड होती. खोटं कशाला बोलू? लहानपणी त्याचं कौतुक वाटायचं, पंचविशीत कंटाळा आला, आणि आता त्रेचाळिसाव्या वर्षी सरळ चीड.

आमची शेती सगळी चाऱ्याची. लसूणघास लावायचा, पाटाच्या पाण्यावर वाढवायचा, कापून शेतातच ओळींत वाळवायचा, यंत्रानं त्याचे चौकोनी गठ्ठे बांधायचे आणि शेडमध्ये थप्पी लावायची. ऐकायला सोपं आहे. पण सगळा खेळ वेळेचा. ओला बांधला तर गठ्ठा आतून तापतो, कुजतो, आणि नशीब फुटकं असेल तर कुणी काडी न लावता पेटतो. जास्त वाळला तर पाला झडून मातीत जातो आणि आपल्या हाती नुसती काटकं. मधली नेमकी वेळ कुणीतरी सांगावी लागते. आधी आजोबा सांगायचे, त्यांच्यानंतर बाबा. घास दोरीसारखा पिळायचा, तळहातावर दाबायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बांधा." त्या शब्दाआधी यंत्र सुरू होत नाही, आणि त्या शब्दानंतर कुणी तोंड उघडत नाही.

तो शब्द मला हवा होता. जमीन नको, घर नको, गोड बोलणं तर मुळीच नको. घास वाळला की नाही हे मी सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, एवढंच.

थंडी संपून पाट सुटायच्या आठवड्यात बाबांनी जेवताना जाहीर केलं, "पुढच्या वर्षीपासून घास बाळ्या बघेल."

बाळ्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. चाळीस वर्षांचा घोडा झाला, टक्कल पडलं, तरी बाळ्याच. यंत्रं तो चालवतो. यंत्रातलं त्याला खरंच कळतं, त्यात वाद नाही. घासातलं त्याला, मला नाचातलं कळतं तेवढंच कळतं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुझं पाणी आहे की."

पाणी आहे, हो. लग्न करून गेले होते, दोन वर्षांत परत आले. सासर मला मानवलं नाही आणि मी सासरला. तेव्हापासून पाणी माझ्याकडे. पाटाच्या पाण्याची पाळी आली की फावडं घेऊन दारं धरायची, म्हणजे एका वाफ्याचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं. त्याआधी पाण्याच्या चाऱ्यांमधला वर्षभराचा गाळ उपसायचा, उंदरांनी बांधात केलेली बिळं बुजवायची, बाळ्याच्या ट्रॅक्टरनं तोडलेले बांध पुन्हा घालायचे आणि वर त्याच्याच शिव्या खायच्या, की बांध मध्ये का आला. वीस वर्षं करतेय.

"पाणी वेगळं आणि घास वेगळा," बाबा म्हणाले. "बाईच्या हाताला ओल कळत नाही. तुझ्या त्या थप्पीचं विसरलीस वाटतं?"

विसरते कशी? विसरू दिलं तर ना! सासरहून परत आले त्याच वर्षी बाबा चार दिवस बाहेर गेले होते आणि मी मोठ्या तोऱ्यात "बांधा" म्हटलं होतं. पंचवीस गठ्ठे बुरसले. लोक खून विसरतात, पण आमच्या घरात ते पंचवीस गठ्ठे कुणी विसरलं नाही.

आई ताटाकडे बघत बसली. वहिनी, बाळ्याची बायको, पाणी आणायला उठली. भांडण दिसलं की तिला तहान लागते.

एक गोष्ट त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हती. त्या चुकीनंतर मी घास शिकले. कुणी शिकवला नाही, मीच शिकले. ओळीच्या तळातून काडी काढायची आणि नखानं खरवडायची. साल सोलून आली तर आत पाणी आहे. नाही आली तर वाळला. त्याला डोळे मिटावे लागत नाहीत. दर कापणीला बाबा बांधावर यायच्या आधी मी माझ्यापुरतं बघून ठेवायचे. अठरा वर्षं माझं आणि त्यांचं जुळत होतं. गेली दोन वर्षं कधी जुळायचं, कधी अर्ध्या दिवसाचा फरक पडायचा. तेव्हा मला वाटायचं, आपलंच चुकतंय.

वरच्या शेताची पहिली कापणी झाली आणि तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसती दमट हवा. घास वाळेना. बुधवारी दुपारी पाटकरी आला, पाटाचं पाणी ज्याला त्याला वाटून देणारा माणूस. मोटरसायकल बंद न करताच ओरडला, "उद्या सकाळी सहाला तुमची पाळी. शेत मोकळं आहे ना? नाहीतर पाणी पुढे सोडतो, मग बारा दिवस नाव काढू नका."

शेत मोकळं कुठलं? ओळीच्या ओळी पडलेल्या. त्यावर पाणी सोडलं तर घासाचा चिखल, आणि नाही सोडलं तर खालचा नवा फुटवा बारा दिवसांत करपणार. म्हणजे आजच बांधून शेडमध्ये टाकायचा किंवा पाळी सोडून द्यायची.

बाबा बांधावरून खाली उतरले. वाकले, मूठभर घास उचलला, पिळला, दाबला, डोळे मिटले. मी तोवर पाच ठिकाणच्या काड्या खरवडल्या होत्या. पाचही ठिकाणी साल हिरवीगार सोलून आली.

"बांधा," बाबा म्हणाले.

"बाबा, ओला आहे."

"बाळ्या, यंत्र काढ."

"अहो, बघा तरी. ही साल बघा." मी काडी त्यांच्या नाकासमोर धरली.

त्यांनी काडीकडे बघितलंच नाही. "नखं कापत जा जरा," म्हणाले. पाटकरी फिस्सकन हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाळी जाऊ दे," मी म्हणाले. "पाणी माझं ना? मग मीच म्हणतेय, जाऊ दे. फुटवा करपला तर माझ्या नावानं खडे फोडा. पण हा आत्ता बांधू नका."

"चाळीस वर्षांत मी पाळी सोडलेली नाही."

"चाळीस वर्षांत शेडलाही आग लागलेली नाही. आता लागेल."

"ताई, शुभ बोला हो," वहिनी मागून म्हणाली.

मी बाळ्याकडे वळले. "तू सांग. हात लाव आणि सांग."

त्यानं ओळीच्या तळात हात घातला. त्याचं तोंड मी बघत होते. त्याला कळलं, शपथेवर सांगते, त्याला कळलं. मग त्यानं बाबांकडे बघितलं आणि मूग गिळले. "बाबांनी सांगितलंय ना," म्हणाला, आणि यंत्रावर जाऊन बसला.

पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळपर्यंत यंत्र धाडधाड चाललं. गठ्ठे उचलायला दोन माणसं लावली होती, त्यातला एक म्हणाला, "या वेळी माल जड आहे." बाळ्या म्हणाला, "तू हलका झालायस." बाबा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि थप्पी चढताना बघत होते. सकाळी सहाला मी पाणी घेतलं. मोकळ्या शेतात ते झरझर पसरत गेलं आणि मी एकेका वाफ्याला बाबांच्या नावानं शिव्या देत दारं धरली.

पुढचे पाच दिवस बाबांचं आणि माझं बोलणं बंद. ते जड जात होतं असं नाही, आम्हा दोघांनाही त्याची सवय आहे. एकाच टेबलाशी बसायचं आणि आईमार्फत बोलायचं. "तुझ्या मुलीला सांग, मीठ इकडे कर." "आई, बाबांना सांग, मीठ त्यांच्या कोपरापाशीच आहे." आईनं दोघांनाही काही सांगितलं नाही. मीठ उचलून तिनं स्वतःच त्यांच्या ताटात वाढलं.

सोमवारी सकाळी शेडमध्ये शिरले आणि वास आला. साखर करपल्यासारखा, त्यात जरासा तंबाखूचा. शेडची मागची भिंत आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच आहे. मी भिंतीला टेकवून ठेवलेली लांब सळई घेतली, थप्पीच्या मधोमध दोन गठ्ठ्यांच्या फटीत जोर लावून घुसवली आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवली. बाहेर ओढून टोकाला बोटं लावली आणि "आई गं!" म्हणून सळई टाकूनच दिली. बोटांची टोकं लाल झाली होती.

खरं सांगू? आधी भीती वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी आनंद झाला. सापडले! आता कुठं जातील?

बाळ्या खालच्या शेतात कापणीला गेला होता आणि आई-वहिनी बाजारात. घरात बाबा एकटेच. मी अंगणातूनच ओरडले, "थप्पी तापलीय! या बघायला!"

ते आले, पण सावकाश, चपला ओढत. दारात उभे राहून म्हणाले, "घासाला वास असतोच."

"हा वास असतो?"

"तुला प्रत्येक गोष्टीत आग दिसते. तुझ्या डोक्यातच राख आहे."

मी सळई पुन्हा त्याच फटीत घुसवली आणि हाताची घडी घालून उभी राहिले. तेही उभे राहिले. पंधरा मिनिटं बापलेक एकमेकांकडे बघत होतो, जसे काही हद्दीवरून भांडणारे शेजारी. मग मी हाताला पोतं गुंडाळून सळई ओढली आणि गरम टोक त्यांच्यापुढे केलं.

"धरा. तुमचाच हात ना सगळं सांगतो? धरा आणि सांगा."

ते चटका बसून ओरडतील, सळई फेकतील, असं मला वाटत होतं. वाटत काय होतं, तेच मला हवं होतं. त्यांनी पूर्ण मुठीनं टोक पकडलं. डोळे मिटले. आणि धरूनच उभे राहिले.

"कुठे काय?" ते म्हणाले. "कोमट आहे. एवढं असतंच."

मला क्षणभर वाटलं, हट्टानं सोसतायत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला हा माणूस. पण त्यांचं तोंड शांत होतं. कपाळावर एक आठी नव्हती. माझ्या पोतं गुंडाळलेल्या हाताला सुद्धा धग लागत होती आणि ते चहाचा कप धरावा तसे उभे होते. मी ओरडले आणि सळईला लाथच मारली.

तळहातावर आडवा पांढरा पट्टा उठला होता आणि कडेची कातडी सुटत होती. बाबांनी हाताकडे बघितलं, कुणा परक्याचा हात असावा तसं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"बाबा, कधीपासून?"

ते थप्पीकडे बघत म्हणाले, "दोन वर्षं. साखरेमुळे होतं म्हणाला डॉक्टर. आधी पाय बधिर झाले, मग बोटं."

आई रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं का लावायची, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यावरून मी तिला टोमणे मारले होते, की म्हातारपणी काय हे लाड चाललेत.

"मग डोळे मिटून काय बघत होतात इतके दिवस?"

"अंदाज. कापून किती दिवस झाले, वारा कुठला, ऊन किती. दोन वर्षं अंदाजावर चालवलंय, चुकलो नाही."

"आता चुकलात. घर जळलं असतं! सांगायचं होतं कुणाला तरी."

"कुणाला? तुला?" पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू तर टपूनच बसली होतीस."

बोचलं, कारण ते खरं होतं.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला. बाळ्या आत आला, नाक फेंदारून वास घेतला, मग बाबांचा हात बघितला. "अरे बापरे! हे काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "थप्पी तापलीय. सळई इतकी गरम निघाली की हात भाजला. ताईचं खरं होतं, घास ओला होता. माझं चुकलं. आत्ताच्या आत्ता सगळी उतरवा."

ताईचं खरं होतं. वीस वर्षं मी या तीन शब्दांची वाट बघितली होती. आणि ते बोलताना बाबा बाळ्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. हा सौदा होता. मी हे कबूल करतो, तू ते बोलू नकोस. माझा इतका संताप झाला की रडूच आलं, आणि बाळ्याला वाटलं मला बाबांच्या हाताचं वाईट वाटतंय.

मी गप्प बसले. दिवसभर थप्पी उतरवली. मधल्या गठ्ठ्यांतून वाफा निघत होत्या, काही आतून तंबाखूसारखे तपकिरी झाले होते, दोन तर काळे. पाण्याचे डबे भरून शेजारी ठेवले होते, पण आग काही लागली नाही. बाळ्या घाम पुसत म्हणाला, "मला त्या दिवशीच वाटलं होतं, ओला आहे म्हणून."

"मग तेव्हा जीभ झडली होती?"

"बाबांनी सांगितल्यावर मी काय बोलणार?"

हा पुढच्या वर्षी घास बघणार होता.

आठवड्यानं खालच्या शेताचा घास बांधायला आला. ऊन चांगलं होतं, वारा होता. मी सकाळीच खरवडून बघितलं, अजून एक दिवस हवा होता. दुपारी सगळे बांधावर जमले. बाळ्या यंत्रावर, वहिनी चहा घेऊन, आई छत्री धरून. बाबांच्या उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून ते डाव्या हातानं खाली वाकले. मूठभर घास घेतला, पिळला, डोळे मिटले.

मग त्यांनी डोळे किंचित उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

मला लगेच कळलं. मी नुसती मान हलवायची होती. हो किंवा नाही. शब्द ते बोलणार होते. घास वाया जाणार नव्हता, शेड जळणार नव्हती, त्यांची अब्रू राहणार होती. आणि पुढच्या वर्षी तिथे बाळ्या डोळे मिटून उभा राहणार होता, बाईच्या हाताला ओल कळत नाही म्हणणार होता, आणि मी कोपऱ्यात उभी राहून मान हलवणार होते. मरेपर्यंत.

"ओला आहे," मी मोठ्यानं म्हणाले. "आज बांधायचा नाही. उद्या."

"मी बघतोय ना," बाबा म्हणाले. आवाज चढा होता, पण डोळे विनवत होते. तसे डोळे मी त्यांचे आयुष्यात बघितले नव्हते. तरी मी बोलले.

"तुम्हाला कळत नाही, बाबा. तुमच्या हाताला दोन वर्षांपासून काहीच कळत नाही. बाळ्या, ती सळई यांना गरम लागलीच नव्हती. हात भाजत होता आणि हे कोमट आहे म्हणत होते."

बाळ्यानं यंत्राची किल्ली काढून खिशात टाकली. मग आई म्हणाली, "सगळ्यांसमोर? तुला दुसरी वेळ नव्हती?"

"तुम्हाला दोन वर्षं होती."

बाबांनी हातातला घास खाली टाकला. आणि तो खरंच पडला की मुठीतच राहिला, हे कळेना म्हणून त्यांनी मूठ वर करून बघितली. दोन काड्या बोटांत अडकल्या होत्या. त्या त्यांनी पट्टीच्या हातानं झटकल्या. सगळ्यांनी बघितलं.

"झालं समाधान?" त्यांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले. खरंच नव्हतं झालं. त्यांचा अजूनही राग येत होता, आधीपेक्षा जास्त, कारण आता त्यांच्याशी भांडायचीही सोय राहिली नव्हती.

ते बांध चढून घराकडे निघाले. आईनं कोपराला धरलं, तर त्यांनी हात हिसडून घेतला.

बाळ्या यंत्रावरून खाली उतरला. घसा खाकरून, माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "मग ताई, उद्या किती वाजता बांधायचा?"

"तीनला," मी म्हणाले. ते ऐकायला बाबा थांबले नव्हते.